कान आणि किडनी: दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बीएएमएस वैद्य. माझ्या दवाखान्याला लागून एका ऑडिओलॉजिस्ट मॅडमची खोली आहे आणि दोन्हीकडच्या पेशंटना बसायला बाकडं एकच. त्या बाकड्यावर कान आणि किडनी यांच्याबद्दल जे काही बोललं जातं, ते थोड्या वेळात माझ्या टेबलावर प्रश्न बनून येतं. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं इथे लिहून ठेवतोय.

‘कान म्हणजे किडनीचा आरसा, असं आयुर्वेद सांगतो’ असा मेसेज आलाय. खरं आहे का?

ही गोष्ट चिनी वैद्यकातली आहे. आयुर्वेदाच्या नावावर ती मोबाइलवरच चढली. हुआंगदी नेइजिंग या सुमारे दोन हजार वर्षं जुन्या चिनी ग्रंथात किडनीचं द्वार कानात उघडतं आणि किडनीची ‘ची’ (प्राणशक्ती) नीट असेल तर कानाला पाचही स्वर ऐकू येतात, असं म्हटलंय. त्यांची ‘किडनी’ म्हणजे नुसता कमरेतला अवयव नव्हे. वाढ, प्रजनन, हाडं, म्हातारपण हे सगळं तिच्याच खात्यात. उतारवयात ऐकू कमी येतं, कंबर धरते, रात्री दोनदा लघवीला उठावं लागतं. बरोबरीने येणाऱ्या या तक्रारी त्यांनी एका नावाखाली बांधल्या. निरीक्षण चांगलं आहे, पण त्याला चरकाचं नाव चिकटवून पुढे ढकलू नका.

मग आयुर्वेदात कानाचा आणि वृक्काचा, म्हणजे किडनीचा, काहीच संबंध नाही?

सरळ संबंध नाही. हे सांगताना माझ्याच काही व्यवसायबंधूंच्या भुवया वर जातात, पण ग्रंथ उघडून बघावेत. चरकसंहितेत वृक्क हे मेदोवह स्रोतसांचं, म्हणजे मेद (चरबी) वाहणाऱ्या मार्गांचं, मूळ आहे. मूत्रवह स्रोतसांचं मूळ म्हणून बस्ती (मूत्राशय) आणि वंक्षण (जांघ) सांगितलेत. सुश्रुताच्या मते वृक्क रक्त आणि मेद यांच्या सारभागातून बनतात. आणि मूत्र? ते पक्वाशयाकडून (मोठ्या आतड्याकडून) हजारो सूक्ष्म नाड्यांनी बस्तीत येतं. नवं मडकं गळ्यापर्यंत पाण्यात बुडवून ठेवलं की बाजूंनी पाझरून आतून भरतं, तसं. उपमा इतकी नेमकी आहे की गाळणीची कल्पना त्यांना होती हे उघड दिसतं. फक्त गाळण्याचं काम त्यांनी वृक्काकडे दिलं नव्हतं.

कानाकडे वळलो तर सुश्रुताने उत्तरतंत्राचे २० आणि २१ हे दोन अध्याय कानासाठी दिलेत आणि २८ कर्णरोग मोजलेत. चरकाने चारांवर भागवलं. कर्णनाद (कान वाजणं), बाधिर्य (बहिरेपण), कर्णक्ष्वेड (कानात शीळ घातल्यासारखा आवाज) यांच्या कारणांत वात आहे, कफ आहे, पण वृक्क येत नाही.

दोघांना जोडणारा धागा शोधायचाच असेल तर तो वाताचा. वाताची स्थानं सांगताना अष्टांगहृदयात पक्वाशय, कंबर, मांड्या, कान, हाडं आणि त्वचा अशी यादी येते. कंबर आणि कान एकाच ओळीत. लघवी बाहेर टाकणारा अपान हाही वायूच. म्हणून कान वाजतो असं सांगत आलेल्या पेशंटला जुना वैद्य आधी पोट साफ होतं का आणि लघवी अडते का, हे विचारतो. पेशंटला वाटतं वैद्यबुवांचं लक्ष नाही.

लघवीला जाताना जानवं कानाला अडकवतात. त्याने किडनीची नस दाबली जाते ना?

नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत मलमूत्रविसर्गाच्या वेळी ब्रह्मसूत्र (जानवं) कानावर ठेवावं असं सांगितलंय, पण तो आचाराचा भाग आहे. उजवा कान पवित्र मानलेला आणि लोंबणारा दोरा विटाळू नये ही व्यवहाराची गरज. एवढं कारण पुरेसं आहे, त्याला ‘सायन्स’चा टेकू कशाला?

गंमत म्हणजे कानाच्या नळीत व्हेगस या मोठ्या नसेची एक फांदी खरोखरच येते. कानात कापसाची काडी फिरवताना काहींना एकदम खोकल्याची उबळ येते, ती हिच्यामुळे. पण मूत्राशय रिकामं करण्याचा हुकूम मणक्याच्या अगदी खालच्या टोकातून निघणाऱ्या नसांवरून जातो. जानव्याचे तीन पदर तिथपर्यंत पोचत नाहीत.

आणि भिकबाळी?

शोभून दिसते. सुश्रुताने कान टोचण्याचे हेतू दोनच सांगितलेत, रक्षा आणि भूषण. अंत्रवृद्धीसाठी (हर्निया) कानाच्या टोकाशी, शंखप्रदेशाजवळची (कानशिलाजवळची) शीर वेधण्याचा एक उल्लेख आहे, त्यावरून ‘कान टोचला की खालचे सगळे आजार टळतात’ हे पसरलं असावं. किडनीचं नाव तिथेही नाही. भिकबाळी कानाच्या वरच्या कूर्चेत घालतात, तिथे पू झाला तर लवकर आवरत नाही आणि कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. टोचून घ्यायची तर सुई निर्जंतुक आहे ना, एवढं नक्की बघा.

कानाचा आकार किडनीसारखाच आहे. कान चोळल्याने किडनी सुधारते का?

काजूचाही आकार किडनीसारखाच आहे. कानाच्या पाळीत उलट्या गर्भाचं चित्र बघून त्यावर सगळ्या अवयवांचे बिंदू मांडले ते पॉल नोजिए या फ्रेंच डॉक्टरांनी, १९५०च्या दशकात. चोळून बरं वाटलं तर जरूर चोळा, किडनी मंदावली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन मात्र त्याने उतरत नाही.

मग खरा संबंध आहे तरी कुठे?

आत, खोलवर. बाहेरून दिसणारा कान विसरा. शंखाच्या आकाराचा कॉक्लिया आहे, मटारच्या दाण्याएवढा. त्याच्या एका भिंतीला स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस नावाचा रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला पट्टा असतो. तो दिवसरात्र क्षार उपसतो आणि कॉक्लियातल्या एका पोकळीत पोटॅशियमने भरलेला द्रव तयार ठेवतो. या द्रवामुळे तिथे सुमारे ८० मिलिव्होल्टचा विजेचा दाब राहतो, आणि ऐकण्याच्या केसपेशी त्या दाबावर चालतात. दाब पडला की पेशी शाबूत असूनही ऐकू कमी येतं.

किडनी दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळते आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेते. हे परत घेणं म्हणजे पुन्हा क्षारांचा उपसाच. दोन्हीकडचे पंप एकाच घराण्यातले आहेत. शिवाय किडनीच्या गाळणीतला पडदा आणि कॉक्लियातले काही पडदे एकाच जातीच्या, चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनने विणलेले असतात. त्यामुळे या पंपांना किंवा या विणीला बाधणारी गोष्ट बऱ्याचदा दोन्हीकडे बाधते.

‘गर्भात कान आणि किडनी एकाच पेशींतून बनतात’ हे वाक्यही फिरतं. ते चूक आहे. अंतर्कर्ण बाहेरच्या थरातून येतो, किडनी मधल्या थरातून. काही जनुकं मात्र दोन्ही कामांवर एकाच वेळी राबतात, आणि त्यातलं एखादं बिघडलं की दोन्हीकडे खोट राहते.

कोणती औषधं दोघांनाही त्रास देतात?

या पानावरचं हे एकच उत्तर वाचलंत तरी चालेल.

पहिला नंबर अमिकासिन, जेंटामायसिन, कॅनामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन या कुळातल्या इंजेक्शनांचा. रक्तात किंवा लघवीत जबर जंतुसंसर्ग झाला की ही जीव वाचवतात, त्यामुळे नावं वाचून घाबरू नका. अडचण अशी की ती शरीराबाहेर जातात किडनीच्याच वाटेने. किडनी मंद असेल तर औषध रक्तात साचतं, साचलं की किडनीच्या नलिकांना आणि कानातल्या केसपेशींना इजा करतं. नलिकांच्या पेशी बऱ्याचदा पुन्हा उगवतात. केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. दोन आठवड्यांत क्रिएटिनिन उतरलं, घरचे सुटले, आणि कान गेलेला कुणाच्या लक्षातही आला नाही, असं घडतं ते यामुळे.

एक एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका माझ्याकडे आले होते. तक्रार काय, तर ‘बायको पुटपुटते’. ट्रकचा आवाज, दाराचा धक्का, शेजाऱ्याचा ढोल सगळं ऐकू यायचं. पण भाजीवाल्याने ‘साठ’ म्हटलं की यांना ‘आठ’ ऐकू यायचं आणि भांडण व्हायचं. स, श, त, फ हे बारीक, उंच आवाज आहेत आणि औषधाचा मार आधी तिथेच बसतो. मी त्यांची पिशवी उलटी केली. दोन वर्षांपूर्वीचं डिस्चार्ज कार्ड निघालं: लघवीचा संसर्ग, क्रिएटिनिन २.४, अमिकासिन सात दिवस, सोबत शिरेतून लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. नंतर ऐकण्याची तपासणी करा, असं कार्डावर कुठेही नव्हतं. सगळा दोष त्या इंजेक्शनला द्यावा, असंही मी म्हणणार नाही. मधुमेह आहे, वय आहे, आणि तीस वर्षं इंजिनाशेजारची नोकरी. पण त्या कार्डावर ‘ऑडिओमेट्री करा’ हे दोन शब्द असते तर दोन वर्षांची भांडणं वाचली असती.

दुसरं सिस्प्लॅटिन, कॅन्सरवरचं. ते किडनी आणि कान दोन्हींवर जातं, म्हणून त्याच्याआधी भरपूर सलाइन देतात. मुलांमध्ये कान वाचवण्यासाठी सोडियम थायोसल्फेट वापरायला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली, दुखण्याच्या गोळ्या. ॲस्पिरिनच्या मोठ्या डोसने कान वाजतो, डोस कमी केला की सहसा थांबतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन महिनोन्‌महिने घेतल्या तर किडनीवर येतं. गुडघेदुखीला मेडिकलमधून आणलेली गोळ्यांची पट्टी कुणी औषधात धरतच नाही, म्हणून मी मुद्दाम वेगळं विचारतो.

लॅसिक्सने बहिरेपण येतं का? बंद करू का?

स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका. पायावरची सूज आणि छातीतलं पाणी तेच उतरवतं. ते किडनीतले क्षारांचे पंप अडवतं, म्हणून लघवी वाढते. कानातल्या पट्ट्यात त्याच पंपाचा भाऊ आहे, तोही थोडा अडतो. धोका मुख्यतः शिरेतून मोठा डोस वेगाने दिला तर किंवा अमिकासिनच्या कुळातलं काही सोबत चालू असेल तर. म्हणून मोठा डोस मिनिटाला ४ मिलिग्रॅमपेक्षा वेगाने सोडत नाहीत. एकट्या लॅसिक्सने दबलेला कान बहुतेक वेळा काही तासांत, फार तर काही दिवसांत मोकळा होतो. सकाळच्या ४० मिलिग्रॅमच्या गोळीने कान जाईल ही भीती सोडा.

वडिलांना पूर्वी टीबीची इंजेक्शनं दिली होती. तेव्हापासून चालताना झोक जातो. संबंध आहे का?

असू शकतो. स्ट्रेप्टोमायसिन ऐकण्यापेक्षा तोल सांभाळणाऱ्या भागावर जास्त जातं, अमिकासिन आणि कॅनामायसिन ऐकण्यावर. अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटल्यावर जास्त झोक जातो का, ते बघा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना तेवढं सांगा. हट्टी टीबीसाठी आता बेडाक्विलिनवर आधारलेले तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचे कोर्स आलेत, त्यामुळे नव्या पेशंटवरची ही टांगती तलवार बरीच दूर झाली.

काही घराण्यांत एकदोन इंजेक्शनांनीही कान जातो. पेशीतल्या मायटोकाँड्रियातला एक बदल त्याला कारण असतो आणि तो आईकडून मुलांत उतरतो. आई, मामा, मावशी, आजी यांच्यापैकी कुणी ‘तापात इंजेक्शन दिलं आणि बहिरी झाली’ अशी गोष्ट घरात असेल तर प्रत्येक डॉक्टरला ती सांगाच.

किडनीच्या पेशंटला कमी ऐकू येतंच का?

‘येतंच’ असं नाही, पण प्रमाण जास्त आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स भागात पन्नाशीपुढच्या अडीच हजारांहून जास्त लोकांची पाहणी झाली, ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. किडनी मध्यम प्रमाणात मंदावलेल्यांपैकी सुमारे ५४ टक्के लोकांना काही ना काही बहिरेपण होतं, बाकीच्यांत २८ टक्के. यात किडनीचा वाटा किती आणि मधुमेह-रक्तदाबाचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. कॉक्लियाला रक्त नेणारी धमनी एकच आहे, दुसरी पर्यायी वाट नाही. साखरेने बारीक रक्तवाहिन्या खराब होतात तेव्हा डोळ्याचा पडदा, किडनी आणि कान तिघेही एका रांगेत उभे असतात. पडदा दरवर्षी तपासायला सांगतात, लघवीतलं प्रोटीनही. कानाचं कुणी सांगत नाही.

घरात दोघांना लघवीतून रक्त जातं आणि मुलगा कमी ऐकतो. काय असेल?

अल्पोर्ट सिंड्रोम आहे का, ते नेफ्रॉलॉजिस्टकडून (किडनीतज्ज्ञाकडून) बघून घ्या, आणि पुढच्या महिन्यावर ढकलू नका. सेसिल अल्पोर्ट या डॉक्टरांनी १९२७ मध्ये एका कुटुंबाचा अभ्यास करून हे नातं मांडलं. वर सांगितलेल्या कोलॅजेनच्या विणीतच जन्मतः दोष असतो. बहुतेक घराण्यांत तो एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून मुलग्यांना जड जातो: लहानपणी लघवीत नुसत्या डोळ्यांना न दिसणारं रक्त, शाळेच्या वयात उंच आवाज हरवणं, तरुणपणी किडनी निकामी. आयांना आणि बहिणींना ‘थोडंसं रक्त जातं, काही नाही’ म्हणून सोडून देतात, पण त्यांच्याही किडनीवर पुढे येऊ शकतं. लवकर कळलं तर रक्तदाबाच्याच वर्गातल्या काही गोळ्या सुरू करून डायलिसिस बरीच वर्षं लांबवता येतं. ‘मुलगा ऐकतच नाही, हट्टी आहे’ असं म्हणत दहा वर्षं घालवलेली कुटुंबं असतात.

बाळाच्या कानापुढे जन्मतः बारीक भोक आहे. किडनीची सोनोग्राफी करायची का?

नुसतं भोक असेल, बाकी बाळ ठणठणीत असेल, ऐकण्याची तपासणी नीट असेल तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. मानेवरही भोक किंवा गाठ असेल, कानाचा आकार वेगळा असेल, घरात बहिरेपणा किंवा किडनीचा आजार असेल तर सोनोग्राफी करून घ्या. ब्रँकिओ-ओटो-रीनल नावाचा एक जन्मजात दोष असतो, त्यात मान, कान आणि किडनी तिन्हीकडे खुणा मिळतात.

कानात तेल घालावं का?

चरकाने रोजच्या कर्णतर्पणाची शिफारस केलीय. त्याने बाधिर्य आणि ‘उच्चैःश्रुति’ होत नाही, असं म्हटलंय. उच्चैःश्रुति म्हणजे मोठ्याने बोललं तरच ऐकू येणं. माझी अट एक: आधी दुर्बिणीने पडदा बघायचा. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल तर तेलाचा थेंबही नाही. जेंटामायसिनच्या थेंबांनाही तोच नियम, कारण ते भोकातून आतल्या कानापर्यंत पोचू शकतात. आणि केसपेशी गेल्यामुळे आलेलं बहिरेपण तेलाने जात नाही. जुना, उतारवयातला बाधिर्य हाती घेऊ नये, असं आपल्या जुन्या ग्रंथकारांनीच लिहून ठेवलंय. त्यांचा हा सरळपणा मला फार आवडतो.

किडनीचा त्रास असताना कानासाठी आयुर्वेदिक औषध चालतं का?

विचारून, आणि रिपोर्ट दाखवून. सारिवादी वटी कर्णनादाला देतात. भैषज्यरत्नावलीत तिच्या फलश्रुतीत कर्णरोगांबरोबर प्रमेहही (मधुमेहासारखे लघवीचे विकार) आहे, म्हणून ‘कान आणि किडनी दोन्हींवर एकच गोळी’ अशी जाहिरात होते. फलश्रुती शब्दशः घेतल्या तर आम्हाला दवाखाने बंद करावे लागतील. या वटीत लोह आणि अभ्रक भस्म असतं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मी कोणतंही भस्म किंवा रसकल्प (पाऱ्याचं औषध) देताना दहादा विचार करतो आणि बहुतेकदा देत नाही. बिननावाच्या पुडीतून पारा किंवा शिसं पोटात गेलं तर किडनी त्याचा हिशेब ठेवते. पुनर्नवा म्हणजे आपली घेटुळी, तिच्यात पोटॅशियम भरपूर, नारळपाण्यातही, आणि मंद किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. डायलिसिसच्या पेशंटला ‘थंड असतं, प्या’ म्हणून शहाळं आणून देणारे पाहुणे मी दारातूनच परत पाठवले आहेत.

कान वाजतो. किडनी तपासू का?

नुसता कान वाजतो म्हणून नको. आधी मळ, सर्दीने बसलेला दडा, मोठ्या आवाजातलं काम, रक्तदाब, चालू असलेल्या गोळ्या हे बघायचं. सोबत पायावर सूज, लघवीला टिकून राहणारा फेस किंवा मधुमेह असेल तर क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करा. तशीही ती वर्षातून एकदा करायचीच असते.

एका रात्रीत एका कानाने ऐकू येईनासं झालं तर?

त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ. तेल, लसूण, वाफ, माझ्यासारखा वैद्य, हे सगळं नंतर. आतल्या कानाचं अचानक आलेलं बहिरेपण असेल तर स्टेरॉइड जितक्या लवकर सुरू होईल तितकी आशा जास्त, दोन आठवड्यांनंतर ती झपाट्याने घटते. मधुमेह किंवा किडनीविकार असेल तर तेही सांगा, कारण साखर चढेल आणि डोस जपून ठरवावा लागेल.

ऑडिओमेट्रीत काय करतात?

आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, हातात एक बटण. ‘पी’ ऐकू आलं की दाबायचं. नेहमीची तपासणी २५० ते ८००० हर्ट्‌झपर्यंत असते. अमिकासिन किंवा सिस्प्लॅटिन सुरू होणार असेल तर त्याच्याही वरची, उंच स्वरांची तपासणी मागा. तीही पहिल्या डोसच्या आधी, म्हणजे पुढे तुलना करायला काहीतरी हातात राहतं.

डायलिसिस चालू असताना ऐकण्याचं मशीन लावता येतं का?

येतं, काही अडचण नाही. कंडक्टर काकांनी लावलं. आता ते आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. त्यांची नवी तक्रार अशी की पूर्वी डायलिसिसच्या मशीनचा अलार्म ऐकूच यायचा नाही, चार तास निवांत झोप लागायची. आता सगळ्या खुर्च्यांची ‘पी पी’ कानात घुसते. ते खुर्चीत बसले की यंत्र काढून खिशात ठेवतात. मी सिस्टरना सांगून ठेवलंय, काही सांगायचं असेल तर खांद्याला हात लावा.